कार्ड आखावं जुन्या यंत्रावर, भरावं नव्या यंत्रावर

१९९०च्या दशकात महाराष्ट्रात घरांत, दुकानांत, छापखान्यांत आणि कॉम्प्युटर क्लासमध्ये आलेली ३८६ आणि ४८६ यंत्रं अजूनही अनेक माळ्यांवर पडून आहेत. कॅबिनेट पिवळं पडलं असलं, तरी मदरबोर्ड आणि एसएमपीएस धड असतील तर यंत्र सुरू होतं. दगा देते ती बहुतेक वेळा हार्डडिस्क. तिच्यातले फिरते भाग तीस-तीस वर्षांनी थकतात आणि त्या मापाची नवी डिस्क आता कुठे बनत नाही. तिच्या जागी कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड बसवणं हा सगळ्यात सोपा, स्वस्त आणि टिकाऊ उपाय आहे. कार्ड बसतं, यंत्रही त्याला हार्डडिस्क म्हणून ओळखतं. मग लॅपटॉपवर उतरवून घेतलेलं डॉसचं सॉफ्टवेअर त्या कार्डावर न्यायची वेळ येते आणि अनेकांची गाडी तिथेच अडते.

अडण्याचं कारण बहुतेकदा एकच असतं. कार्डाची सगळी तयारी नव्या संगणकावर केली जाते आणि मग ते जुन्या यंत्रात घातलं जातं. काम उलट्या क्रमाने करायला हवं. कार्डाची आखणी, म्हणजे पार्टिशन आणि फॉरमॅट, ज्या यंत्रात ते राहणार त्याच यंत्राकडून करून घ्यायची. नव्या संगणकाने त्यावर फक्त फाइली भरायच्या. एवढं पथ्य पाळलं तर बाकीच्या अडचणी किरकोळ आहेत. पुढे डॉसच्या आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच त्या रोमन अक्षरांत करायच्या.

कार्ड बसवण्याआधी जुनी हार्डडिस्क फिरते का ते पाहा. फिरत असेल तर तिच्यावरचा मजकूर आधी वाचवा. जुने खेळ, टर्बो सी, नॉर्टन कमांडर हे सगळं आज पुन्हा मिळतं. वडिलांनी लिहिलेली पत्रं, दुकानाचे हिशेब, एखाद्या संस्थेची स्मरणिका हे कुठूनही डाउनलोड करता येणार नाही. मराठी मजकुराच्या बाबतीत तर जास्तच जपायला हवं. पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड बसवलेल्या यंत्रांवर डॉसच्या पडद्यावर देवनागरी उमटायची आणि तो मजकूर इस्की या संकेतात साठायचा. आजच्या संगणकावर ती फाइल उघडली की निव्वळ चिन्हांचा गोंधळ दिसतो, म्हणून लोक ती बिघडली समजून फेकून देतात. ती बिघडलेली नसते. इस्कीचा आराखडा १९९१ साली भारतीय मानक म्हणून ठरलेला आहे आणि त्यातला मजकूर युनिकोडमध्ये आणता येतो. डीटीपीच्या पॅकेजमध्ये फाँटच्या संकेतात केलेला मजकूर असेल, तर त्या फाइलींबरोबर फाँटच्या फाइलीही जपून ठेवा. त्या नसतील तर मजकूर उलगडणं फार अवघड जातं.

ही जुनी डिस्क यूएसबीच्या जोडणीने थेट लॅपटॉपला लावावी असं वाटणं साहजिक आहे. पण १९९४च्या आधीच्या कित्येक डिस्क अशा जोडणीला दाद देत नाहीत, कारण त्यांना जागा मोजण्याची नवी पद्धत कळतच नाही. त्यापेक्षा आधी जुनी डिस्क काढून ठेवून कार्ड एकटंच जोडावं आणि त्याची आखणी पुढे सांगितल्याप्रमाणे करावी, मग जुन्या यंत्रातच डिस्क मास्टर आणि कार्ड स्लेव्ह असं जोडावं आणि ‘एक्सकॉपी सी:\*.* डी:\ /एस /ई’ ही आज्ञा द्यावी. जुन्या डिस्कची आणि कार्डाची जोडी जमली नाही तर जंपर बदलून मास्टर-स्लेव्हची अदलाबदल करून पाहा. डिस्कमधून टक टक आवाज येत असेल तर मात्र ती पुन्हा पुन्हा सुरू करू नका.

कॅबिनेट उघडलंच आहे तर मदरबोर्डवरची बॅटरीही पाहून घ्या. त्या काळातल्या बऱ्याच बोर्डांवर पिंपासारखी, बहुधा निळी, निकेल-कॅडमियमची बॅटरी डाग देऊन बसवलेली असते. ती गळते आणि आजूबाजूचे तांब्याचे माग खाऊन टाकते. गळली नसली तरी काढून टाका. गळलेली असेल तर ती जागा थोड्या पांढऱ्या व्हिनेगरने पुसा, नंतर स्वच्छ करून पूर्ण कोरडी होऊ द्या. तो द्रव अल्कधर्मी असतो, म्हणून व्हिनेगर लागतं. आणखी एक सांगायला हवं. जुन्या बॅटरीच्या जागी साधा नाण्यासारखा सेल थेट जोडू नका. बोर्ड तो चार्ज करायला जातो आणि ते धोक्याचं आहे. बहुतेक बोर्डांवर बाहेरच्या बॅटरीसाठी वेगळ्या पिना असतात, त्या वापरा.

आता कार्डाकडे वळू. कॉम्पॅक्ट फ्लॅश १९९४ साली सॅनडिस्कने आणलं. ते आपल्या कामाचं आहे याचं कारण त्याच्या रचनेत आहे. त्याच्या ५० पिनांमध्ये हार्डडिस्कची आयडीई भाषा आधीपासूनच आहे. त्यामुळे कार्ड आणि ४० पिनांची आयडीई केबल यांच्यामध्ये जो अडॅप्टर लागतो, त्याचं काम जवळपास फक्त तारा जोडून देण्याचं असतं. एसडी कार्डासाठीही अडॅप्टर मिळतात, पण तिथे मध्ये भाषांतर करणारी एक चिप लागते आणि जुन्या बायोसचं तिच्याशी नेहमी पटतंच असं नाही. कॉम्पॅक्ट फ्लॅश मिळत असेल तर तेच घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीच्या परिसरात विचारून पाहता येईल. नाहीतर ऑनलाइन मागवा. जुने फोटोग्राफर हा तर खजिनाच आहे. त्यांच्या कपाटात ५१२ एमबी, १ जीबी, २ जीबीची कार्डं पडून असतात आणि आपल्याला नेमकी तीच हवी आहेत. ६४ जीबीच्या कार्डाचा इथे काही उपयोग नाही.

अडॅप्टरला वीज बहुधा फ्लॉपी ड्राइव्हच्या छोट्या चार पिनी कनेक्टरने मिळते. केबलची लाल कड म्हणजे पिन १; ती अडॅप्टरवर आणि बोर्डावर दोन्हीकडे १ लिहिलेल्या बाजूला यायला हवी. अडॅप्टरवर मास्टर-स्लेव्हचा जंपर असतो, तो मास्टरवर ठेवा. काहींवर ३.३ आणि ५ व्होल्टचा जंपरही असतो. कार्ड दोन्हींवर चालतं, पण जुन्या पीसीत ५ ठेवावं. यंत्र चालू असताना कार्ड कधीही काढू किंवा घालू नका. कॅमेऱ्यामुळे आपल्याला तशी सवय लागलेली असते, पण आयडीईमध्ये चालू यंत्रात जोड-तोड करण्याची सोयच नाही. त्यात फाइली जातात, क्वचित कार्डही जातं.

यंत्र सुरू करून बायोसच्या सेटअपमध्ये जा. इथे थोडं सावकाश, कारण पुढच्या बहुतेक तक्रारींचं मूळ इथेच आहे. जुना बायोस डिस्कवरची जागा तीन आकड्यांनी ओळखतो: सिलिंडर, हेड आणि सेक्टर. त्यांच्या मर्यादा अनुक्रमे १०२४, १६ आणि ६३. गुणाकार करा, प्रत्येक सेक्टरचे ५१२ बाइट धरा, की ५२,८४,८२,३०४ बाइट येतात. हीच ती ५०४ एमबीची प्रसिद्ध भिंत. साधारण १९९४च्या आधीच्या यंत्रांत ती असते. त्यानंतरच्या बायोसमध्ये ‘लार्ज’ आणि ‘एलबीए’ असे पर्याय आले, ते हेडची संख्या वाढवून भिंत ओलांडतात.

आजच्या संगणकाला जोडलेल्या कार्ड रीडरला या तीन आकड्यांशी देणंघेणं नसतं. तो सेक्टरना शून्यापासून सरळ क्रमांक देतो. पार्टिशन करताना मात्र त्याला जुन्या पद्धतीचे आकडेही लिहावे लागतात आणि तिथे तो बहुधा २५५ हेड धरून चालतो. हेच कार्ड १६ हेड धरणाऱ्या ४८६मध्ये गेलं की डॉसचा बूट सेक्टर आपल्याजवळ लिहिलेल्या २५५ वर भरवसा ठेवून पुढची फाइल शोधायला निघतो आणि बायोस त्याला भलतीकडेच नेऊन सोडतो. एकाने तळमजल्याला पहिला मजला म्हटलं आणि दुसऱ्याने त्याच्या वरच्याला, की पत्ता बरोबर असूनही पाहुणा चुकीच्या दारात उभा राहतो, तसं हे होतं. मग पडद्यावर ‘मिसिंग ऑपरेटिंग सिस्टिम’ येतं किंवा नुसता कर्सर लुकलुकत राहतो. याहून वाईट म्हणजे कधी कधी यंत्र सुरू होतं आणि लिहिताना दुसऱ्याच फाइलीवर लिहितं. जुन्या यंत्राने केलेली आखणी मात्र नव्या संगणकाला नीट वाचता येते, कारण पार्टिशनच्या तक्त्यात सरळ क्रमांकही लिहिलेला असतो आणि तो तेवढाच पाहतो. क्रम महत्त्वाचा आहे तो म्हणूनच.

बायोसमध्ये ‘ऑटो डिटेक्ट’ असेल तर त्याने दाखवलेले आकडे घ्या. नसेल तर टाइप ४७, म्हणजे स्वतः आकडे भरायचा पर्याय निवडा. कार्ड ५०४ एमबीपेक्षा मोठं असेल आणि बायोस जुना असेल तर १०२४, १६, ६३ भरा आणि उरलेली जागा विसरून जा. ५०४ एमबीत डॉसचं जग आरामात मावतं; त्या काळी १२० एमबीची डिस्क म्हणजे चैन होती. नवा बायोस असेल तर ‘नॉर्मल’, ‘लार्ज’, ‘एलबीए’ यांपैकी एक ठरवा आणि आखणी झाल्यावर तो पर्याय पुन्हा बदलू नका. बदललात तर वर सांगितलेलाच घोळ घरच्या घरी तयार होतो.

आता डॉसची बूट फ्लॉपी लागेल. तिच्यावर एफडिस्क, फॉरमॅट आणि सिस हे तीन प्रोग्राम हवेत. एमएस-डॉस ६.२२ आजही मुक्त नाही. मायक्रोसॉफ्टने २०२४ साली ४.० या आवृत्तीचा सोर्स कोड खुला केला, त्याआधी १.२५ आणि २.० खुल्या झाल्या होत्या, पण रोजच्या वापराला त्या पुरणार नाहीत. तुमच्याकडे ६.२२च्या मूळ फ्लॉपी असतील तर उत्तम. नसतील तर फ्रीडॉस घ्या. जिम हॉल यांनी १९९४ साली सुरू केलेला हा प्रकल्प अजून जिवंत आहे, पूर्णपणे मोफत आहे आणि जुने प्रोग्राम त्यावर चांगले चालतात. फ्लॉपी बनवायला यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह चालतो, मात्र तो साडेतीन इंची फ्लॉपीच लिहू शकतो. यंत्रात फक्त सव्वापाच इंची ड्राइव्ह असेल तर दुसरी सोय पाहावी लागेल.

फ्लॉपीने यंत्र सुरू करा आणि एफडिस्क चालवा. कार्ड कॅमेऱ्यातून आलेलं असेल तर त्यावर आधीचं पार्टिशन असेल, ६.२२चा एफडिस्क त्याला बहुधा ‘नॉन-डॉस’ म्हणेल. ते काढून टाका, नवं प्रायमरी पार्टिशन करा आणि ते अ‍ॅक्टिव्ह करायला विसरू नका. यानंतर ‘एफडिस्क /एमबीआर’ ही आज्ञा जरूर द्या. कार्डाच्या पहिल्या सेक्टरवर आधीची खूण दिसली की एफडिस्क तिथला बूट कोड बदलत नाही. कॅमेऱ्याने तिथे कोड लिहिलेलाच नसतो. परिणाम असा, की सगळं बरोबर करूनही यंत्र कार्डावरून सुरू होत नाही आणि माणूस अडॅप्टरला दोष देतो. या एका आज्ञेने ते दुखणं जातं. मग ‘फॉरमॅट सी: /एस’, फ्लॉपी बाहेर, यंत्र पुन्हा सुरू. पडद्यावर सी:\ दिसलं की आखणी झाली. जुन्या यंत्राच्या शांततेची मात्र सवय करून घ्यावी लागते, कारण डिस्कची ती ओळखीची घरघर आता नसते.

पार्टिशन केवढं करावं? एमएस-डॉसमध्ये एका पार्टिशनची कमाल मर्यादा २ जीबी आहे, तरी तेवढं एकच पार्टिशन करू नये. फॅट१६ पद्धतीत पार्टिशन जेवढं मोठं तेवढा त्यातला लहानात लहान तुकडा मोठा. २ जीबीवर तो ३२ केबीचा असतो, ५१२ एमबीपर्यंत ८ केबीचा. डॉसच्या प्रोग्राममध्ये एकेक केबीच्या शेकडो फाइली असतात. त्यातली प्रत्येक ३२ केबी अडवणार असेल तर जागा वाया जाते.

आता मुख्य काम, सॉफ्टवेअर आणण्याचं. नेटवर सापडलं म्हणजे ते मोफत आहे असं नाही, हे आधी ध्यानात घ्या. उघडपणे आणि हक्काने मिळणारं पुष्कळ आहे. फ्रीडॉसबरोबर येणारी हत्यारं आहेत. बोर्लंडने टर्बो सी २.०१ आणि टर्बो पास्कल ५.५ स्वतःच मोफत देऊन टाकले होते. आपल्याकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत विंडोज आल्यावरही वर्षानुवर्षं ज्या निळ्या पडद्यावर सी शिकवली गेली, त्या घराण्यातलं हे सॉफ्टवेअर आहे. शिवाय शेअरवेअर खेळ आहेत. त्यांचा पहिला भाग वाटायला त्यांच्या कर्त्यांनीच परवानगी दिलेली असते.

उतरवलेली फाइल बहुधा झिप असते. ती लॅपटॉपवर उघडून फाइली कार्डावर टाकता येतात, पण माझा आग्रह वेगळा आहे. झिप तशीच कार्डावर न्या आणि जुन्या यंत्रावर पीकेअनझिप या डॉसच्या प्रोग्रामने उघडा. याची कारणं नावांमध्ये आहेत. डॉसला आठ अक्षरं, टिंब आणि तीन अक्षरं एवढंच नाव कळतं. लांब नावाची फाइल विंडोजने कार्डावर ठेवली तर डॉसला ती पहिली सहा अक्षरं, नागमोडी चिन्ह आणि १ अशी दिसते. प्रोग्राम स्वतःच्या फाइली मूळ नावाने शोधतो, त्याला त्या सापडत नाहीत. दुसरं कारण फारसं कुणी सांगत नाही. फॅट१६ पार्टिशनच्या मूळ डिरेक्टरीत फक्त ५१२ नोंदींची जागा असते आणि लांब नावाच्या प्रत्येक १३ अक्षरांना एक नोंद खर्ची पडते. चाळीस अक्षरी नावाची फाइल पाच नोंदी खाते. अशा शंभरेक फाइली मूळ डिरेक्टरीत टाकल्या की कार्ड जवळजवळ रिकामं असूनही पुढची फाइल कॉपी होत नाही. म्हणून लॅपटॉपवर असतानाच झिपचं नाव आठ अक्षरांत बदला आणि कार्डावर एक फोल्डर करून त्यात ठेवा. ‘सी:\इन’ असं दोन अक्षरी नावही पुरे.

कार्ड रीडरला लावल्यावर विंडोज कधी म्हणतं, ड्राइव्हमध्ये दोष आहे, तपासून दुरुस्त करू का? नाही म्हणा. कधी म्हणतं, डिस्क फॉरमॅट करावी लागेल. त्याला तर हजारदा नाही म्हणा. कार्ड नीट बसलंय का ते पाहा. विंडोज आपलं एक लपवलेलं फोल्डर कार्डावर करून ठेवतं, त्याचा त्रास नाही. मॅक मात्र फाइलीमागे टिंबाने सुरू होणारी एक छोटी जोडफाइल सोडू शकतो. त्या डॉसमध्ये विचित्र नावांनी दिसतात आणि नोंदीही खातात, तेव्हा काढून टाका. कॉपी झाली की ‘इजेक्ट’ करूनच कार्ड ओढा.

एक उदाहरण पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहू, म्हणजे बाकीची आपोआप कळतील. १० डिसेंबर १९९३ रोजी आलेला डूम. त्याचा शेअरवेअर भाग, आवृत्ती १.९, आजही झिपच्या रूपात मिळतो. ही झिप उघडली तर आत खेळ दिसत नाही. दिसतात त्या ‘डूम्स_१९’ या नावाच्या, १ आणि २ अशा शेपट्यांच्या दोन मोठ्या फाइली, ‘डीआइस’ नावाचा छोटा प्रोग्राम आणि ‘इन्स्टॉल.बॅट’. खेळ दोन फ्लॉपींवर मावावा म्हणून त्याचे दोन तुकडे केलेले आहेत. डीआइस ते जोडतो आणि उलगडतो. लॅपटॉपवर यावर डबल क्लिक केलं तर काही होणार नाही, कारण ६४ बिटी विंडोज १६ बिटी प्रोग्राम चालवतच नाही. अनेक जण इथे फाइल खराब आहे असं समजून दुसरीकडून उतरवत बसतात. तेव्हा झिप जुन्या यंत्रावर नेऊन ‘पीकेअनझिप -टी’ने आधी तपासा. प्रत्येक फाइलीपुढे ‘ओके’ आलं, म्हणजे उतरवणं, कॉपी करणं आणि कार्ड, तिन्ही ठीक. मग ती एका फोल्डरमध्ये उलगडा. ज्या झिपमध्ये आत फोल्डर असतील तिथे ‘-डी’ जोडा, नाहीतर सगळ्या फाइली एकाच जागी सांडतात. इन्स्टॉल चालवा. शेवटी ‘डिर’ने पाहा, ‘डूम१.वॅड’ या फाइलीचा आकार ४१,९६,०२० बाइट दिसायला हवा. एका बाइटचाही फरक असेल तर कुठेतरी गडबड आहे. त्यानंतर सेटअपमध्ये साउंड कार्ड सांगायचं. साउंड ब्लास्टरसाठी पोर्ट २२०, डीएमए १ आणि आयआरक्यू ५ किंवा ७ यांपैकी कार्डावर जो असेल तो. यंत्रात ४ एमबी रॅम लागते आणि ३८६वर खेळ सुरू झाला तरी तो खरा रंगतो ४८६वर.

काही सॉफ्टवेअर झिपऐवजी फ्लॉपीच्या इमेजच्या रूपात मिळतं. ‘आयएमजी’ शेपटीची फाइल नेमकी १४,७४,५६० बाइटची असेल तर ती १.४४ एमबी फ्लॉपीची हुबेहूब प्रत आहे. १२,२८,८०० असेल तर सव्वापाच इंची १.२ एमबीची. सेव्हन-झिप या मोफत प्रोग्रामने ती उघडून आतल्या फाइली काढता येतात. प्रत्येक इमेजसाठी ‘डिस्क१’, ‘डिस्क२’ असे वेगळे फोल्डर करा. इन्स्टॉलर हटून बसला, की ‘ए ड्राइव्हमध्येच फ्लॉपी हवी’, तर ‘सब्स्ट ए: सी:\इन\डिस्क१’ अशी आज्ञा द्या. आता तो फोल्डरच त्याला ए ड्राइव्ह वाटतो. दुसरी डिस्क एकाच बैठकीत मागणाऱ्या इन्स्टॉलरसाठी सगळ्या डिस्कच्या फाइली एकाच फोल्डरात ठेवून पाहा. बऱ्याच वेळा चालतं. मूळ फ्लॉपीला कॉपी-संरक्षण असलेल्या प्रोग्रामला यातलं काहीही लागू पडत नाही. तिथे वेळ घालवू नका.

व्हायरसची काळजी करावी का? करावी. १९९०च्या सुमारास भारतात सापडलेला ‘जोशी’ हा बूट सेक्टरमध्ये राहणारा व्हायरस जगभर गेला होता. ५ जानेवारीला तो यंत्र अडवून वाढदिवसाच्या शुभेच्छा टाइप करायला लावायचा. माळ्यावरच्या फ्लॉपींमध्ये असे पाहुणे अजूनही झोपलेले असू शकतात. डाउनलोड केलेली फाइल लॅपटॉपच्या अँटिव्हायरसने तपासता येते, पण फ्लॉपीच्या बूट सेक्टरमधून येणारा धोका तिथे दिसत नाही. म्हणून अनोळखी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये ठेवून यंत्र कधीही सुरू करू नये. आपल्या बूट फ्लॉपीची राइट-प्रोटेक्टची खिडकी कायम उघडी ठेवा.

यंत्र बंद करतानाची एक सवय लावून घ्यायला हवी. डॉस ६च्या स्मार्टड्राइव्हमध्ये लिहायचा मजकूर काही काळ मेमरीत थांबवून ठेवायची सोय आहे. सी:\ दिसताच बटण बंद केलं तर कधी तो मजकूर कार्डावर उतरलेलाच नसतो. ‘स्मार्टड्राइव्ह /सी’ म्हणा (आज्ञेत तो ‘एसएमएआरटीडीआरव्ही’ असा लिहितात), प्रॉम्प्ट परत येऊ द्या, मग बंद करा. कार्ड झिजेल याची भीती मात्र नको. डॉस स्वतःहून सतत लिहीत बसत नाही आणि कार्डात झीज वाटून घेण्याची व्यवस्था असते.

कार्ड वारंवार काढण्यासाठी कॅबिनेट उघडावं लागू नये म्हणून मागच्या पट्टीत बसणारे अडॅप्टर मिळतात. थोडे महाग असले तरी तेच घ्या. फाइली सारख्याच न्यायच्या असतील तर यंत्रात नेटवर्क कार्ड बसवून एमटीसीपी या मोफत संचातला एफटीपी सर्व्हर चालवता येतो, मग कार्ड काढायची गरजच उरत नाही. पीसी-एक्सटी असेल किंवा बायोसमध्ये टाइप ४७च नसेल, तर एक्सटी-आयडीई युनिव्हर्सल बायोस या मोफत प्रोग्रामची चिप नेटवर्क कार्डाच्या रिकाम्या बूट-रॉम सॉकेटमध्ये बसवतात. एक्सटीला त्याबरोबर आठ बिटी कार्डही लागतं. तो स्वतंत्र विषय आहे.

सगळं मनासारखं बसलं की कार्ड लॅपटॉपला लावून त्याची पूर्ण इमेज काढून ठेवा. विन३२ डिस्क इमेजरने, लिनक्सवर डीडीने. फाइली नुसत्या कॉपी केल्या तर बूट सेक्टर मागे राहतो. इमेजमध्ये तोही येतो. कार्ड उद्या गेलं तर तेवढ्याच किंवा जास्त जागेच्या दुसऱ्या कार्डावर ती इमेज उतरवून यंत्र पुन्हा सुरू करता येतं, मात्र बायोसमध्ये आकडे तेच लागतात. बॅटरी संपली की बायोस हे आकडे विसरतो. तेव्हा सिलिंडर, हेड, सेक्टर आणि निवडलेला पर्याय एका चिठ्ठीवर लिहा आणि ती कॅबिनेटच्या आतल्या बाजूला आजच चिकटवून टाका.